नागपूरच्या उन्हात स्वयंचलित पडदे: कोणती खिडकी आधी, कोणती मोटार, कोणत्या वेळा

पश्चिमेकडे तोंड असलेल्या, सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच खिडकीचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस मीटर भरते. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास नागपुरात अशा उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास ऊन पडते. म्हणजे साध्या काचेतून त्या खोलीत हजार वॅटच्या घरातली उष्णता शिरत असते, आणि एखादी इस्त्री दुपारभर चालू ठेवावी तशी खोली तापत जाते. ही उष्णता अडवायची असेल तर ऊन काचेवर येण्याआधीच पडदा लागलेला असला पाहिजे, कारण फरशी, दिवाण आणि समोरची भिंत एकदा तापली की नंतर कितीही जाड पडदा ओढला तरी ती रात्रीपर्यंत उष्णता परत देत राहतात. अडचण अशी की नेमक्या साडेबारा-एकच्या सुमारास बहुतेक घरांत पडदा ओढायला कोणी नसते. आमच्या प्रतापनगरच्या घरी त्या वेळी एकटी आई असते, आणि दिवाणाला वळसा घालून खिडकीपर्यंत जाणे तिला आता जमत नाही. पडद्याला मोटार बसवण्याचा विचार आमच्याकडे तिथून सुरू झाला.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. काचेच्या आतल्या बाजूचा पडदा उष्णतेचा काही भागच अडवतो, कारण ऊन तोपर्यंत काच ओलांडून आत आलेले असते. गॅलरीत बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा बाहेरून लावण्याची सोय असेल तर ती आधी करावी आणि मोटारीचा खर्च त्यानंतर धरावा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीला मात्र बाहेरून काही टिकत नाही, आणि तिथे आतला पडदाच चांगला करावा लागतो.

खिडक्यांच्या दिशा

सगळ्या घराला एकदम मोटारी बसवण्याची गरज नसते. फोनमधल्या होकायंत्राने प्रत्येक खिडकीची दिशा पाहून कागदावर लिहून ठेवावी, मग क्रम आपोआप ठरतो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आपल्याकडे नवतपा म्हणतात ते दिवसही हेच. या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. सूर्य पूर्वेपासून सुमारे २३ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि पश्चिमेपासून तितकाच उत्तरेकडे मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीवर सकाळी लवकर आणि सायंकाळी चारनंतर तिरपे ऊन येते. उत्तरेची खोली थंड असते असे आपण धरून चालतो, आणि उन्हाळ्यात ती संध्याकाळी का तापते हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

यावरून पहिली मोटार पश्चिमेच्या खिडकीला, दुसरी पूर्वेच्या शयनगृहाला आणि तिसरी जमल्यास उत्तरेला बसवावी. दक्षिणेची खिडकी डिसेंबरात महत्त्वाची ठरते, कारण तेव्हा मध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो आणि ऊन खोलीत खोलवर येते. नागपूरच्या थंडीत ते हवेसे असते, आणि तो पडदा हाताने उघडला तरी भागते.

ट्रॅक की दांड्यावरचे यंत्र

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिल्यात संपूर्ण ट्रॅकच नवा असतो. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्टीतून दातेरी पट्टा फिरतो, एका टोकाला साधारण फूटभर लांबीची मोटार खाली लोंबते आणि पट्ट्याला जोडलेला मुख्य रनर पडद्याची पहिली चुणी ओढत नेतो. ही मोटार बहुधा २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर चालते. दुसऱ्या प्रकारात आहे तोच दांडा किंवा रेल कायम ठेवून त्यावर बॅटरीचे लहान यंत्र अडकवले जाते. यंत्राचे चाक दांड्यावर फिरते आणि पडदा ढकलत नेते. स्विचबॉट आणि अकारा यांची यंत्रे या प्रकारची आहेत. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला भोके पाडता येत नाहीत, तिथे दुसरा प्रकार निश्चितच सोयीचा आहे.

पश्चिमेच्या खिडकीसाठी मात्र माझे मत स्पष्टपणे पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण बॅटरी हे आहे. लिथियम-आयन बॅटरी सामान्यतः ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानातच चार्ज करावी असा संकेत आहे. ज्या शहरात मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे बंद पडदा आणि तापलेली काच यांच्यामधल्या हवेचे तापमान त्याहून बरेच वर असते. यंत्रासोबत येणारे छोटे सौर पॅनेल काचेला चिकटवले की ऊन भरपूर मिळते खरे, पण बॅटरी चार्ज होण्याची वेळ आणि तिला सर्वांत जास्त उष्णता लागण्याची वेळ एकच होऊन बसते. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीला बॅटरीचे यंत्र खुशाल लावावे. पश्चिमेला तेच लावायचे झाले तर सौर पॅनेल न लावता ते रात्री काढून खोलीत चार्ज करावे.

दांड्यावरचे यंत्र घेण्याआधी दांडा नीट तपासावा. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकात एक सरकणारे दोन नळ्यांचे दांडे असतात. जाड नळी संपून बारीक नळी सुरू होते त्या पायरीवर यंत्राचे चाक अडखळते. ती पायरी सौम्य करणारी पट्टी काही यंत्रांसोबत मिळते, पण सलग एक इंची स्टीलचा दांडा असणे सर्वांत उत्तम. लांब दांड्याला मध्ये आधाराचा ब्रॅकेट असेल तर यंत्र त्यापलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून दोन बाजूंना दोन यंत्रे घ्यावी लागतात. नेफ्यात दांडा ओवलेला पडदा या यंत्राने सरकत नाही. मोठ्या रिंगांचा पडदा सहज सरकतो. परीक्षा सोपी आहे: पडद्याचा कडेचा भाग एका बोटाने धरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पाहावा, आणि बोटाला जिथे अडकल्याचे जाणवेल तिथे मोटारही अडकणार हे समजून आधी ती जागा दुरुस्त करावी.

माप आणि कापड

ट्रॅकची लांबी खिडकीच्या मापाची घेऊ नये. दोन्ही बाजूंना सहा ते आठ इंच जास्त घ्यावी, म्हणजे बंद पडद्याच्या कडेने ऊन आत येत नाही आणि उघडलेल्या पडद्याच्या चुण्या काचेवर न राहता भिंतीवर जमा होतात. मोटार ज्या टोकाला लोंबणार तिथे कपाट, स्विचबोर्ड किंवा एसीचा पाइप आडवा येत नाही ना, हे माप घेतानाच पाहावे. जुन्या घरांत पेल्मेट, म्हणजे पडद्याचा दांडा झाकणारी लाकडी पेटी, असते. त्याची आतली खोली मोजावी, कारण जाड पडदा आणि नेटचा पडदा असे दोन ट्रॅक बसवायचे तर सहा-आठ इंच खोली लागते. दहा फुटांची पट्टी लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडते, म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी ती वर कशी नेणार हे दुकानदाराशी बोलून घ्यावे. जोड देऊन दोन तुकड्यांत मिळणारी पट्टी चालते, पण जोड खिडकीच्या मधोमध घेऊ नये. दोन्ही बाजूंनी येणारे पडदे तिथेच भेटतात आणि रनर जोडावर खटखटतात.

कापड ट्रॅकच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट लागते. सात फुटांच्या ट्रॅकसाठी दुप्पट धरले आणि पडद्याची उंची सात फूट असली तर सुमारे नऊ चौरस मीटर कापड होते. ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारे, अस्तर धरून त्याचे वजन चार किलोच्या आसपास जाते, आणि एवढे वजन ट्रॅकच्या मोटारीला सहज पेलते. मोटार थकते ती वजनापेक्षा घर्षणाने, आणि वाकडा बसलेला ट्रॅक हे त्याचे नेहमीचे कारण असते. काचेच्या बाजूला येणारे अस्तर पांढरे किंवा अगदी फिके असावे. ते उन्हाचा बराच भाग काचेतूनच परत फेकते. गडद अस्तर स्वतः तापते आणि ती उष्णता खोलीत सोडते. खोलीकडची बाजू कोणत्याही रंगाची असली तरी चालते, त्यामुळे गांधीबागेत कापड पाहताना अस्तराच्या रंगावर तडजोड करण्याचे कारण नाही. जमिनीपर्यंतचा पडदा फरशीपासून अर्धा ते एक इंच वर राहील असा शिवून घ्यावा. फरशीवर लोळणारा पडदा पोछ्याच्या पाण्याने ओला होतो आणि मोटारीला विनाकारण ओढ देतो.

ट्रॅकसाठी रिंगांऐवजी हुकांचा, चुण्या घातलेला पडदा लागतो. घरी रिंगांचे चांगले पडदे असतील तर शिंप्याकडून वरची पट्टी बदलून घेता येते, पण त्यात पडद्याची उंची काही इंचांनी कमी होते, हे लक्षात ठेवून मगच द्यावेत.

वीज आणि बसवणी

मोटार चालताना साधारण ट्यूबलाइटपेक्षा थोडी जास्त वीज घेते, आणि तीही काही सेकंदच. तरीही तिच्यासाठी पेल्मेटजवळ ६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडूनच काढून घ्यावा, आणि त्याला फेज, न्यूट्रल व अर्थिंग तिन्ही असावेत. खिडकीवर एसीचा पॉइंट आयता असतो म्हणून त्यातूनच वायर ओढण्याचा मोह होतो. आमच्याकडे पहिल्या वेळी फिटिंग करणाऱ्या कारागिराने तसेच केले होते आणि नंतर ते काढावे लागले. एसीच्या लाइनवरचा एमसीबी, म्हणजे बिघाड झाल्यावर आपोआप पडणारा स्विच, मोठ्या प्रवाहासाठी असतो, त्यामुळे मोटारीच्या बारीक वायरीत काही बिघाड झाला तर तो वेळेवर पडेलच असे नाही. सॉकेट उजेडाच्या लाइनवर घ्यावा, आणि घरात इन्व्हर्टर असल्यास त्याच लाइनवर घ्यावा. राउटरही इन्व्हर्टरवर असावा, नाहीतर भर दुपारी वीज गेल्यावर मोटार जिवंत असते पण तिला आदेश पोहोचत नाही.

ब्रॅकेट दीड ते दोन फुटांवर एक याप्रमाणे लावावेत आणि दोन्ही टोकांजवळ जास्तीचा एक द्यावा. खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये साधे ड्रिल चालत नाही, तिथे हॅमर ड्रिल लागते. भोकात प्लॅस्टिकची गिट्टी पूर्ण आत बसली पाहिजे, कारण गिट्टी केवळ प्लास्टरमध्ये राहिली तर पडद्याच्या रोजच्या ओढीने काही महिन्यांत ती सैल होते. पीओपीच्या छताला ट्रॅक थेट कसू नये. त्यामागे प्लायवूडची पट्टी किंवा लोखंडी चौकट आहे का हे ठोकून पाहावे, आणि नसल्यास ट्रॅक भिंतीवरच घ्यावा. सगळे ब्रॅकेट एका पातळीत आले की ट्रॅक त्यांत अडकवावा, मोटार जोडण्याआधी पडदा टांगून तो हाताने चार-सहा वेळा पुढेमागे न्यावा, आणि तो हलका चालत असेल तरच मोटार लावावी.

फोनशी जोडणी

वाय-फायवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींना २.४ गीगाहर्ट्झचाच पट्टा कळतो. राउटरवर २.४ आणि ५ गीगाहर्ट्झचे नाव एकच असेल तर जोडणी अनेकदा मध्येच अडते. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना तात्पुरती वेगळी नावे द्यावीत, फोन २.४ च्या नावाला जोडावा आणि मग ॲपमधून मोटार शोधावी. झिगबी या वेगळ्या बिनतारी पद्धतीच्या मोटारीला हब, म्हणजे तिला राउटरशी जोडणारी लहान पेटी, लागतो. एकाच खिडकीसाठी हा खर्च जड वाटतो, पण तीन-चार खिडक्या आणि सेन्सर लावायचे असतील तर हबच बरा, कारण जाड विटांच्या भिंतींमुळे मागच्या खोलीत वाय-फाय जिथे क्षीण होते तिथे झिगबीची विजेवरची उपकरणे एकमेकांचा निरोप पुढे नेतात. नवीन वस्तू घेताना मॅटर या २०२२ साली आलेल्या समान मानकाचा उल्लेख खोक्यावर आहे का ते पाहावे. तो असल्यास पुढे ॲप किंवा स्पीकर बदलला तरी मोटार बदलावी लागत नाही.

जोडणी झाली की पडदा एकदा पूर्ण उघडून आणि पूर्ण लावून मोटारीला दोन्ही टोके शिकवावीत. उघडण्याचा आदेश दिल्यावर पडदा लागत असेल तर ॲपमध्ये दिशा उलटवण्याची सोय असते. त्यानंतर एक चाचणी आवर्जून करावी: राउटरची इंटरनेटची केबल काढावी, पाच मिनिटांनंतरची वेळ लावून ठेवावी आणि इंटरनेटविना पडदा हलतो का ते पाहावे. हलत नसेल तर वेळापत्रक दूरच्या सर्व्हरवर अवलंबून आहे हे उन्हाळ्याआधीच कळलेले बरे.

वेळा

मेच्या अखेरीस नागपुरात सूर्य सकाळी साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी पावणेसातनंतर मावळतो, तर डिसेंबरात तो पावणेसातच्या सुमारास उगवून पावणेसहाच्या आतच मावळतो. मावळण्याच्या वेळेत तासाभराहून अधिक फरक असल्यामुळे घड्याळाची ठरावीक वेळ वर्षभर चालत नाही. ॲपमध्ये सूर्योदय आणि सूर्यास्ताशी बांधलेली वेळ निवडावी आणि शहर म्हणून नागपूरच द्यावे. सेटिंगमध्ये मुंबई राहिले तर अर्ध्या तासाच्या आसपास चूक होते.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आम्ही पश्चिमेचा पडदा दुपारी साडेबाराला पूर्ण लावतो आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी उघडतो. पूर्वेचा पडदा पहाटेच्या गारव्यासाठी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो, सव्वासहाला लागतो आणि साडेअकराला पुन्हा उघडतो. उत्तरेचा दुपारी चारला लागतो. या वेळा मजला आणि समोरची इमारत यांप्रमाणे थोड्या बदलतात, म्हणून एक दिवस घरी राहून काचेवर ऊन नेमके केव्हा येते ते पाहावे आणि त्याच्या अर्धा तास आधीची वेळ धरावी.

ज्या घरात कूलर आहे तिथे एक अपवाद न विसरता करावा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, आणि ती हवा बाहेर पडायला समोरची एखादी खिडकी उघडी लागते. त्या खिडकीचा पडदाही वेळापत्रकाने पूर्ण लागला तर खोलीत दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. तो पडदा ७० टक्के लागून थांबेल असे लावावे आणि मोकळा भाग उन्हाच्या विरुद्ध बाजूला ठेवावा. कूलरच्या झोतात येणाऱ्या पडद्याच्या खालच्या काठात वजनाची साखळी शिवून घ्यावी, नाहीतर तो फुगून ट्रॅकला आडवा ओढला जातो. ओल्या हवेत साधे लोखंडी हुक गंजतात आणि कापडावर डाग पाडतात, तेव्हा हुक प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचेच घ्यावेत.

जूनच्या मध्यानंतर ढग येतात आणि दुपारी पडदा लावण्याने घर उगाच काळोखे होते. इथे प्रकाश मोजणारा सेन्सर उपयोगी पडतो, पण त्याची जागा चुकली तर सगळे फसते. सेन्सर खोलीत ठेवला तर पडदा लागताच त्याला अंधार दिसतो, तो पडदा उघडायला सांगतो, उघडताच पुन्हा ऊन दिसते, आणि पडदा दुपारभर पुढेमागे करत राहतो. सेन्सर काचेकडे तोंड करून, काच आणि पडदा यांच्यामध्ये बसवावा, आणि प्रकाश सलग पंधरा मिनिटे ठरावीक पातळीच्या वर राहिला तरच पडदा लागेल अशी अट घालावी, म्हणजे एखादा ढग सरकला तर पडदा हलणार नाही.

घरातल्या माणसांसाठी

देवघर किंवा समई खिडकीजवळ असेल तर पडद्याच्या वाटेत ज्योत येत नाही हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. सांजवात लावण्याची वेळ आणि सूर्यास्ताच्या वेळापत्रकाची वेळ जवळजवळ एकच असते, आणि हाताने पडदा ओढणारा माणूस ज्योत पाहून थांबतो तशी मोटार थांबत नाही. आमच्याकडे समईच मागच्या भिंतीशी हलवली. अडथळा लागल्यावर मोटार थांबण्याची सोय अनेक यंत्रांत असते, पण कापड ज्योतीवरून सरकताना मोटारीला तो अडथळा जाणवत नाही.

ज्येष्ठांच्या हाताशी दोन मोठ्या बटणांचा रिमोट द्यावा आणि तो पलंगाशेजारी दोरीने बांधून ठेवावा. ट्रॅकच्या बहुतेक मोटारी कापड थोडे ओढले की स्वतः चालू लागतात आणि वीज नसताना हाताने सरकतात. हे दोन्ही घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्यावे, म्हणजे कोणी घाबरून पडदा जोराने खेचत नाही. जोराने खेचल्याने पट्ट्याचे दाते घसरतात.

उन्हाळ्यातल्या धुळीच्या वादळांनंतर ट्रॅकची खालची खाच कोरड्या ब्रशने साफ करावी. त्यात खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नये, कारण धूळ त्याला चिकटून घट्ट थर होतो. आवाज येऊ लागलाच तर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा एका फडक्यावर मारून ते खाचेतून फिरवावे. दिवाळीआधी पडदे धुवायला काढताना मोटारीचा स्विच बंद करावा, हुक एका टोकाकडून क्रमाने काढावेत आणि पहिला व शेवटचा हुक रंगीत दोऱ्याने खूण करून ठेवावा. धुतलेले कापड कधीकधी आटते, तेव्हा पडदे परत टांगल्यावर दोन्ही टोके मोटारीला नव्याने शिकवावीत आणि त्याच बैठकीत सेन्सरचे सेल बदलून वेळापत्रक हिवाळ्याचे करावे.